जपानी व्हाईट वाईन म्हणजे साके नाही हो

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत जपानी खाण्यावर पूर्ण पान आलं होतं, फोटो छान होते, सुशीचा भात कसा लावायचा तेही नीट समजावून सांगितलं होतं, पण खालच्या चौकटीत "सोबत जपानी व्हाईट वाईन म्हणजेच साके घ्यावी" असं एक वाक्य छापलंय आणि ते वाचल्यापासून मला राहवत नाहीये, म्हणून हे पत्र. जरा लांबेल, पण विषय माझ्या फार जवळचा आहे.

साके तांदळाची असते. वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवतात, ती तांदळातल्या पिठूळ भागाची साखर करते आणि मग यीस्ट त्या साखरेची दारू करतं, म्हणजे बघायला गेलं तर पद्धत बिअरच्या जवळची. वाईन द्राक्षाची. दोन्ही पांढऱ्या दिसतात, दोन्ही गार करून देता येतात, पण म्हणून एक म्हणजे दुसरी नाही, ताक आणि नारळाचं दूध दोन्ही पांढरं म्हणून आपण एक म्हणतो का?

आणि हा गोंधळ फक्त पुरवणीतच आहे असंही नाही. गेल्या वर्षी बेलापूरला एका जपानी रेस्टॉरंटमध्ये आम्ही चौघं गेलो होतो, मेनूकार्डावर जपानी व्हाईट वाईन असं लिहिलेलं बघून मला इतका आनंद झाला, मी सगळ्यांना सांगितलं की थांबा आता मी तुम्हाला कोशू, म्हणजे तिकडची खरी द्राक्षाची व्हाईट वाईन, पाजतो, आणि आलं काय तर छोट्या ग्लासात सोनेरी रंगाचं गोडमिट्ट पेय. ती उमेशू होती. उमे नावाचं हिरवं आंबट फळ असतं तिकडे, ते साखर घालून दारूत महिनोन् महिने मुरवतात, आपण मोरावळा मुरवतो तसं. चांगली असते, जेवणाआधी थोडीशी बर्फ घालून प्यायला मस्त, पण कोलंबीच्या टेंपुरासोबत, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या कोलंबीसोबत, ती साखर तोंडात नुसती चिकटून राहते. वेटर बिचारा पोरगा होता, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, त्याला काय बोलणार. पण छापील मेनूकार्डावर असं असेल आणि वर्तमानपत्रातही तेच येत असेल तर लोकांना खरं कळणार कुठून?

जपानची ओळख झालेली व्हाईट वाईन म्हणजे कोशू. हे द्राक्षाच्या जातीचंही नाव आणि यामानाशी प्रांताचं जुनं नावही कोशूच. टोकियोच्या पश्चिमेला, फुजी पर्वताच्या बाजूला हा प्रांत, चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये खोलगट खोरं. मी रबाळे एमआयडीसीत सीएनसी मशीनच्या मेंटेनन्सला आहे, कंपनीने २०१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सहा आठवडे तिथे ट्रेनिंगला पाठवलं होतं. त्याआधी मी वाईन म्हणजे लग्नाच्या वाढदिवसाला एखादी नाशिकची बाटली एवढंच ओळखत होतो.

पहिल्याच रविवारी कोफू या तिथल्या शहरातून लोकल पकडून कात्सुनुमा या द्राक्षबागांच्या गावाला गेलो, पंचवीसएक मिनिटं लागतात. स्टेशनचं नावच कात्सुनुमा-बुदोक्यो, बुदो म्हणजे द्राक्ष. स्टेशनच्या बाहेर आलो आणि समोर उतारावर जिकडे बघावं तिकडे मांडव! आमच्या तासगावच्या मित्राच्या वडिलांची बाग होती तसाच तारांचा मांडव, डोक्यावर पानं आणि खाली लोंबणारे घड, फरक एवढाच की मांडव बुटका, मला वाकून चालावं लागत होतं. फ्रान्समध्ये द्राक्षाच्या वेली सरळ रांगेत कुंपणासारख्या लावतात हे मी फोटोत बघितलेलं, म्हणून विचारलं की इथे असं का, तर म्हणाले इथे पाऊस फार, दमट हवा, ऑक्टोबरपर्यंत वादळं येतात, वेल वर पसरली की खालून वारा खेळतो आणि घड कुजत नाही. आणि एक गोष्ट मी जवळ जाऊन बघितली ती कधी विसरणार नाही. एकेका घडाच्या देठाला मेणकागदाची छोटीशी टोपी, पिनेने अडकवलेली, पावसाचं पाणी घडात शिरू नये म्हणून. एकेक घड! हजारो टोप्या, आणि सगळ्या हाताने घातलेल्या. एक आजी शिडीच्या पायरीवर बसून घड कापत होत्या, त्यांनी मला एक मणी खायला दिला. साल जाड, रंग फिकट गुलाबी त्यात थोडा जांभळा, आतला रस मात्र पांढरा, गोडी बेताची, आणि साल चावली की शेवटी पपनसाच्या सालीसारखी किंचित कडवट चव. ती कडवट चव लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

हे द्राक्ष मूळचं जपानचं नाही. कॉकेशसच्या बाजूने मध्य आशिया, चीन करत रेशीम मार्गाने आलं असं मानतात, आणि जनुकं तपासल्यावर त्यात युरोपियन जातीसोबत चीनमधल्या रानटी द्राक्षाचाही अंश सापडलाय. कात्सुनुमात दाइझेन-जी म्हणून देऊळ आहे, तिथे सांगतात की ७१८ साली ग्योकी नावाच्या भिक्षूला हातात द्राक्षाचा घड घेतलेल्या बुद्धाचा दृष्टांत झाला आणि त्याने तशी मूर्ती घडवली. औषधी बुद्धाची मूर्ती आणि हातात द्राक्षं, लोक त्याला द्राक्षाचं देऊळच म्हणतात. आख्यायिका आहे, खरं-खोटं देव जाणे, पण मी तिथे पायरीवर बसलो होतो तेव्हा मला आपल्या वारकऱ्यांची तुळस आठवली, एखाद्या झाडाला गावाने असं देवाजवळ नेऊन ठेवलं की ते झाड सहजासहजी मरत नाही.

पण शेकडो वर्षं हे खायचंच द्राक्ष होतं. वाईन करायची हे मेइजी सम्राटाच्या काळात ठरलं, १८७७ साली कात्सुनुमातून ताकानो मासानारी आणि त्सुचिया असे दोन तरुण वाईन शिकायला फ्रान्सला पाठवले. विचार करा, जपानचे दरवाजे जगाला उघडून थोडीच वर्षं झालेली आणि ही पोरं बोटीने फ्रान्सला! शिकून आले, वाईन केली, पण बरीच दशकं कोशूची वाईन म्हणजे गोडसर, पर्यटकांनी आठवण म्हणून घेऊन जायची बाटली, असंच होतं. १९८० च्या दशकात मग तिथल्या वाईनरींनी कोरडी, म्हणजे साखर न ठेवलेली वाईन मनावर घेतली, दारू झाल्यावर यीस्टचा गाळ लगेच न काढता काही महिने तसाच ठेवायचा म्हणजे हलक्या वाईनलाही जरा अंग येतं, हे फ्रान्सचंच तंत्र. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय द्राक्ष-वाईन संघटनेच्या यादीत कोशूचं नाव लागलं आणि मग युरोपात बाटलीवर हे नाव छापून विकता यायला लागलं.

आता खाण्याकडे येतो, कारण खरं सांगायचंय ते इथे आहे.

आमचे ट्रेनर साठीच्या आसपासचे गृहस्थ होते, त्यांनी एकदा संध्याकाळी आम्हाला 'होतो' नावाचा तिथला पदार्थ खायला नेलं. 'होतो' म्हणजे आपली वरणफळंच समजा, किंवा चकोल्या, कणकेच्या जाड पट्ट्या आणि लाल भोपळा, मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याच्या, घट्टसर रश्श्यात शिजवलेल्या, लोखंडी भांड्यातून उकळत उकळत समोर येतात. आणि सोबत वाईन आली ती कशात, तर १.८ लिटरच्या मोठ्या बाटलीत, साकेची असते ना तसल्या, आणि ओतली कशात तर चहाच्या मातीच्या कपात! ना उंच ग्लास, ना फिरवून वास घेणं. ट्रेनर म्हणाले आमच्याकडे शेतावरून आलं की असंच पितात. गरम भोपळा, खारट मिसो, आणि मध्ये हा गार लिंबाच्या सालीच्या वासाचा घोट, इतकं घरचं वाटलं मला, परदेशात आहे हे दोन मिनिटं विसरायला झालं. अल्कोहोलही फार नसतं, ११-१२ टक्के, डोक्यात जात नाही.

नंतर बाकीचं खाल्लं, साशिमी म्हणजे कच्च्या माशाचे काप, मीठ लावून भाजलेला मासा, टेंपुरा, थंड सोबा नूडल्स, तोफू, यकितोरी म्हणजे काडीला लावून कोळशावर भाजलेली कोंबडी, पण सोया सॉसवाली नाही, नुसत्या मिठाची. सगळ्यांसोबत कोशू मागे उभी राहते, पुढे पुढे करत नाही. आपल्याकडे वाईनचं वर्णन म्हणजे जोरदार, भरदार, असंच काहीतरी लिहितात आणि कोशू पहिल्यांदा पिणारा म्हणतो अरे ही तर पाणीच आहे, पण ती एकटी प्यायची वस्तूच नाही, ती ताटातली आहे. आपण कोशिंबीर वाटीभर घेऊन नुसती खातो का?

येताना दोन बाटल्या आणल्या, दीड-दोन हजार येनच्या, तेव्हाच्या भावाने साधारण हजार-बाराशे रुपये. एक उघडली नौपाड्याला ताईकडे. आम्ही सीकेपी, ताईने चेंदणी कोळीवाड्यातून पापलेट आणलेलं आणि मला म्हणाली "हे बघ, तुझ्या वाईनसाठी मी काही चीज-बीज आणणार नाही, घरात आहे तेच करणार." मी म्हटलं ताई तेच हवंय.

पापलेटचं भुजणं केलं होतं, कांदा, बटाट्याच्या काचऱ्या, आलं-लसूण-हिरवी मिरची-कोथिंबिरीचं वाटण, आमसूल, तेल, सगळं एकत्र चोळून झाकण ठेवून, पाण्याचा थेंब नाही. त्यासोबत कोशू इतकी जमली की भाऊजी, जे वर्षातून एकदा बिअर घेतात, तेसुद्धा म्हणाले अरे हे आपल्यासाठीच केलंय का? कोथिंबिरीचा हिरवा वास आणि वाईनचा लिंबाळ वास एकमेकांत मिसळून जातात. बोंबील फ्रायसोबत पण छान, तो रव्याचा कुरकुरीतपणा आणि आतला लुसलुशीत बोंबील, वर गार घोट, तेल जिभेवरून धुऊन निघतं. पण त्या दिवशीची खरी जोडी निघाली ती वालाच्या बिरड्याची. कडवे वाल, मोड आणून सोललेले, नारळाच्या दुधातलं बिरडं. वालाचा जो कडवटपणा असतो ना, तो आणि कोशूच्या सालीचा कडवटपणा एकमेकांना भेटतात आणि दोन्ही कमी होतात, मागे नारळाची गोडी राहते. हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं. ताईने दुसऱ्यांदा वाटीत बिरडं घेतलं आणि मला म्हणाली "आता कळलं तुला तिकडे काय आवडलं ते."

काय जमलं नाही तेही सांगतो. कोलंबीचं खडखडलं होतं, लाल तिखट, भरपूर लसूण, त्याच्यापुढे वाईन गायबच झाली. आगरी मसाल्यातलं चिंबोरीचं कालवण तर विसराच, तिथे तांदळाची भाकरी आणि कांदा हेच बरं. सोलकढी पण सोबत घेऊ नका, कोकमाचा आंबटपणा वाईनचा आंबटपणा मारून टाकतो. अळूवडीचं मी अजून ठरवू शकलेलो नाही, चिंच-गुळामुळे अडतं. कोथिंबीरवडी मात्र डोळे मिटून.

आता पुरवणीतलं आणखी एक वाक्य, "माशासोबत कुठलीही व्हाईट वाईन चालते". हे तर आपल्याकडे पाठच झालंय, पण ते खरं नाही आणि त्याचं कारण शोधलंय जपान्यांनीच. मला स्वतःला अनुभव होता, दिवाळीत ऑफिसकडून आलेली रेड वाईन मी एकदा भाजलेल्या बांगड्यासोबत घेतली आणि तोंडात अशी चव आली की जणू गंजलेला नट चघळतोय, वर माशाचा वशाट वास घशात बसलेला. बांगडा ताजा होता, ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातून सकाळी आणलेला, बायको म्हणाली मासाच खराब असणार, मावशींनी फसवलं. मावशींचा काही दोष नव्हता! २००९ मध्ये मर्सियन या जपानी वाईन कंपनीच्या संशोधकांनी शोधनिबंध छापला, त्यांनी बऱ्याच वेगवेगळ्या वाईन घेऊन त्यात सुकवलेले स्कॅलप, म्हणजे एक प्रकारचे शिंपले, भिजवून बघितले, आणि ज्या वाईनमध्ये लोह जास्त तिथे वशाट वास जास्त. लोह वरून घातलं की वास वाढला, लोह बांधून ठेवणारं रसायन घातलं की वास दबला. माशाच्या तेलाशी लोहाची क्रिया होते आणि त्यातून तो वास तयार होतो. म्हणजे प्रश्न रंगाचा नाहीच, बाटलीत लोखंड किती हा प्रश्न आहे, लोह जास्त असेल तर व्हाईटसुद्धा माशाचा सत्यानाश करते. आम्ही मशीनवाले, लोखंडाशी आमचा रोजचा संबंध, म्हणून मला हे वाचून फार समाधान झालं, इतकी वर्षं जी चव सांगता येत नव्हती तिला कारण मिळालं. कोशूत लोह बहुतेक कमी असतं असं तिथले वाईनवाले सांगतात, आणि कच्चा मासा, कालवं यांच्यासोबत ती का चालते याचं एक उत्तर ते आहे. दिवा कोळीवाड्यातल्या मावशींना मी हे जाऊन सांगितलं, त्यांना वाईनशी काही देणंघेणं नाही पण आपला बांगडा ताजाच होता हे ऐकून बरं वाटलं त्यांना.

जपानात कोशूशिवायही व्हाईट होतात. होक्काइदोला केर्नर नावाची जर्मन जात, नागानोला चांगली शार्डोने, यामागाताला डेलावेअर, पण पहिल्यांदा घेणाऱ्याने कोशूच घ्यावी असं माझं मत.

आणि लेबल वाचायला शिका, किंवा कुणाकडून तरी वाचून घ्या. जपानात बाटलीत भरलेली प्रत्येक वाईन जपानी द्राक्षाची असतेच असं नाही, कित्येक स्वस्त बाटल्या बाहेरून आणलेल्या आटवलेल्या द्राक्षरसाच्या असतात. पूर्वी यात ग्राहकाची सरळ दिशाभूल व्हायची. मी तिथे होतो त्याच महिन्यात, ३० ऑक्टोबर २०१८ पासून, नवा नियम लागू झाला की 'निहोन वाईन', म्हणजे जपान वाईन, असं फक्त जपानात पिकलेल्या आणि जपानातच वाईन केलेल्या द्राक्षाच्या बाटलीवर लिहायचं, आणि गावाचं किंवा जातीचं नाव घालायचं तर किमान ८५ टक्के द्राक्ष त्या गावचं, त्या जातीचं हवं. हापूसच्या नावाखाली भलताच आंबा विकला की आपला जीव कसा तळमळतो, तसंच त्यांना झालं असणार.

आता कुणी म्हणेल की ठाण्यात कोशू मिळत नाही तर एवढं पुराण कशाला. सहज मिळत नाही हे खरंय, बाहेरच्या वाईनवर कस्टम ड्युटी इतकी वर्षं १५० टक्के, त्यावर राज्याचं वेगळं, कोण आणणार. पण संपादक साहेब, नाशिक आपल्यापासून गाडीने तीन-चार तासांवर आहे. तिथे शेनिन ब्लां, सॉव्हिन्यॉ ब्लां अशा व्हाईट वाईन होतात, मी सॉव्हिन्यॉ घेऊन भुजण्यासोबत बघितली, कोशूपेक्षा वास जास्त भडक, पण जमते. बिरड्यासोबत तितकीशी नाही. शेनिन जरा गोडाकडे झुकते, ती मला भरलेल्या पापलेटच्या हिरव्या चटणीसोबत जास्त आवडली. हे मी एकटा माणूस घरी बसून बघतोय, आणि आपल्या पुरवणीत वाईनबद्दल जेव्हा जेव्हा येतं तेव्हा पास्ता आणि चीज, पास्ता आणि चीज. ठाणे, नवी मुंबईत किती घरांत रविवारी पास्ता होतो? मासे होतात! यामानाशीच्या लोकांनी आपली वाईन आपल्या भोपळ्याच्या होतोसोबत चहाच्या कपात प्यायली, लाजले नाहीत, आणि आज लंडनचे लोक त्यांच्या बाटल्या मागवतात. एकदा नाशिकच्या वाईनवाल्यांना आणि दिवाळे कोळीवाड्यातल्या स्वयंपाक करणाऱ्या मावशींना एका टेबलाशी बसवा, समोर तळलेली मांदेली, तिसऱ्या, बोंबील ठेवा, आणि काय जमतं काय नाही ते जसंच्या तसं छापा, ज्यांचं वय आहे आणि जे घेतात त्यांच्यासाठी, बाकीच्यांना पाककृती तरी मिळतील.

तूर्तास येत्या रविवारी तेवढी साकेची दुरुस्ती छापा ही विनंती. नाव देवनागरीत 'कोशू' असं लिहा, को जरा लांबवून म्हणतात. दुसरी बाटली कधीच संपली पण रिकामी अजून घरी ठेवलीय, लेबलवर मांडवाचं चित्र आहे आणि खाली जपानीत 'निहोन वाईन' छापलंय, फोटो हवा असेल तर आपल्या वार्ताहराला संध्याकाळी सातनंतर केव्हाही पाठवा, मी घरीच असतो.

आपला एक नियमित वाचक,
ऐरोली, नवी मुंबई